समतेची फेरी आणि सातबाऱ्यावरचे नाव

डिसेंबर उजाडला की सातपुड्याच्या पायथ्याशी थंडी उतरते आणि नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे गावोगावी सुरू होतात. सात दिवसांचा मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि सायंकाळी सांस्कृतिक कार्यक्रम असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. १९६९ साली देशातील ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेली ही योजना आज खेड्यापाड्यांना चांगलीच परिचित झाली आहे. अलीकडे या शिबिरांत एक विषय हमखास असतो, तो म्हणजे स्त्री-पुरुष समता. गावातून प्रभातफेरी निघते. 'मुलगा-मुलगी एकसमान' असे फलक उंचावले जातात. चावडीपुढे पथनाट्य होते. शेवटी सारा गाव हात पुढे करून शपथ घेतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते, छायाचित्र येते आणि शिबिराचा अहवाल पूर्ण होतो.

या तरुण मुलामुलींच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परीक्षा, नोकरी आणि हातातील भ्रमणध्वनी यांच्या पलीकडे ज्यांची दृष्टी जात नाही असा ठपका ज्या पिढीवर सतत ठेवला जातो, त्याच पिढीतील विद्यार्थी थंडीत शाळेच्या फरशीवर झोपून परक्या गावाची गटारे उपसतात आणि बहिणीच्या हक्काविषयी बोलतात, ही गोष्ट लहान नाही. प्रश्न वेगळा आहे. नंदुरबारच्या पाड्यावरील स्त्रीला जी विषमता भोगावी लागते, तिचे नाव त्या फलकांवर असते काय?

नंदुरबारला विद्यार्थ्यांच्या फेरीचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच नगरातून शाळकरी मुलांची तिरंगी मिरवणूक निघाली होती आणि पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही पाच बालके हुतात्मा झाली. शिरीषकुमार तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांचा होता. मिरवणुकीतील मुलींच्या दिशेने पोलीस अधिकाऱ्याने बंदूक रोखली तेव्हा 'गोळी घालायची तर मला घाल' असे म्हणत तो पुढे झाला, अशी आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती सांगताना आजही कंठ दाटून येतो. परंतु तिची दुसरी बाजू क्वचितच कोणाच्या लक्षात येते. त्या मुलीही मिरवणुकीत होत्या. बंदुकीपुढे त्याही उभ्या होत्या. १९४२ साली खानदेशातील एका व्यापारी गावात घराचा उंबरठा ओलांडून इंग्रजांविरुद्धच्या मिरवणुकीत सामील होणाऱ्या त्या मुलींची नावे किती जणांच्या ओठांवर आहेत? स्मारकावर हुतात्म्यांची नावे असावीत हे योग्यच आहे. पण आपल्या स्मरणात मात्र 'त्याने मुलींना वाचविले' एवढेच उरले आणि 'मुलींनी झेंडा धरला' हे निसटले. स्त्रीचे रक्षण करण्याची वृत्ती आपल्या समाजात खोल रुजलेली आहे आणि ती सद्‌वृत्तीच आहे. स्त्रीचे नाव नोंदविण्याची वृत्ती मात्र तितकी रुजलेली नाही, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम या जिल्ह्याची ओळख नीट करून घेतली पाहिजे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव हे त्याचे सहा तालुके. २०११च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या घरातील लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के जनजाती समाज आहे: भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, गावित. त्याच जनगणनेत साक्षर पुरुषांचे प्रमाण ७२ टक्क्यांच्या आसपास आणि स्त्रियांचे ५६ टक्क्यांच्या आसपास आढळले. हे अंतर कोणालाही अस्वस्थ करील. मात्र दुसरा एक आकडा पाहिला की नगरवासीयांच्या मनातील चित्र उलटे होते. शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात ८९४ होती, सधन, केळीच्या बागांनी समृद्ध अशा जळगाव जिल्ह्यात ती ८४२ होती आणि ज्याला मागास म्हटले जाते त्या नंदुरबारात ९४४ होती.

याचा अर्थ असा की 'मुलगी वाचवा' ही हाक ज्यांना ऐकविण्याची खरी गरज आहे ते घाटाखाली, सोनोग्राफी केंद्रे असलेल्या शहरांत राहतात. डोंगरातील पाड्यावर मुलगी नकोशी नाही. तिच्या जन्माने बापाच्या कपाळाला आठी पडत नाही, कारण तिथे हुंड्याची रीत नव्हतीच. तिथे रीत आहे ती देज देण्याची. वरपित्याने वधूपित्याला देज द्यायचे. ज्याची ऐपत नाही त्याने घरजावई राहून सासऱ्याच्या शेतात राबायचे. विधवेला पुन्हा संसार मांडण्याची मोकळीक, न पटणारे लग्न सोडण्याची वाट, या गोष्टी या समाजाने कोणत्याही कायद्याची वाट न पाहता शतकानुशतके स्वीकारल्या. महाराष्ट्रातील सुधारकांना एकोणिसाव्या शतकात पांढरपेशा समाजात ज्या गोष्टींसाठी शिव्याशाप खावे लागले त्या सातपुड्यात रोजच्या व्यवहारातल्या होत्या. तेव्हा पथनाट्यात हुंडाबळीचा प्रसंग सादर करणाऱ्या विद्यार्थ्यांकडे पाड्यावरील म्हाताऱ्या कुतूहलाने पाहत असतील, तर त्यात त्यांचे अज्ञान नाही. हे दुखणे त्यांच्या घरचे नाही.

अर्थात ते त्यांच्या घरचे होऊ लागले आहे, हीच चिंतेची बाब. २००१च्या जनगणनेत नंदुरबारचे बालकांमधील लिंग गुणोत्तर ९६१ होते. दहा वर्षांत ते ९४४वर आले. रस्ता आला, वीज आली, दवाखाना आला, शाळा आली. ही सारी स्वागतार्ह पावले आहेत. त्याच रस्त्याने मंडप, बॅण्ड आणि डीजेसह लग्नाचा थाट आला, नोकरदार जावयाला काय द्यायचे याची बोलणी आली आणि मुलीचे ओझेही वर चढू लागले. ते नेणारे शिकलेले आहेत, नोकरदार आहेत. कटू असले तरी हे मान्य केले पाहिजे की, समतेचा संदेश घेऊन जाणारी सुशिक्षित पिढीच नकळत विषमतेची नवी बीजेही सोबत नेत असते.

याउलट परंपरेचे गोडवे गाऊन थांबणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. देज हा स्त्रीच्या श्रमांचा मान आहे असे म्हणता येते. पण 'देज मोजून आणली आहे' हे वाक्य नवऱ्याच्या तोंडी आले की त्या मानाचे काय होते, हे त्या बाईलाच विचारावे. मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत होणे, कोवळ्या वयातील बाळंतपण, रक्ताची कमतरता, सिकलसेलचा विकार, अंगावर दूध पिणारे मूल घेऊन मजुरीला जाणे, ही या जिल्ह्यातील स्त्रीजीवनाची नित्याची रूपे आहेत. त्याहून भयंकर आहे ती डाकीण ठरविण्याची प्रथा. पाड्यात मूल दगावले, गाय मेली, आजार हटेना, की बडव्याकडे जायचे आणि त्याने एखाद्या बाईकडे बोट दाखवायचे. ही बाई पुष्कळदा विधवा, एकटी असते आणि तिच्याकडे थोडीफार जमीन असते. ज्याला ती जमीन हवी असते तो या संशयाला खतपाणी घालतो. मग तिला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते आणि प्रसंगी तिचा जीवही घेतला जातो. याहा म्हणजे आई. याहामोगीला कुलदेवता मानणारा, महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या यात्रेसाठी सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतून लोटणारा हा समाज जगन्माता म्हणून स्त्रीपुढे नतमस्तक होतो. त्याच समाजात एखादी आई केवळ एकटी आहे म्हणून डाकीण ठरते. देवी म्हणून पुजणे आणि शेजारीण म्हणून जगू देणे यांत अंतर पडते, ते फक्त सातपुड्यातच पडते असे मात्र कोणी समजू नये.

२०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा छळाला शिक्षा ठेवली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही २०१७पासून अमलात आहे. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि ठाणे पाड्यापासून डोंगराआड असते. तिथे पोहोचू शकतो तो विद्यार्थी, आणि तोही बाहेरचा नव्हे, त्याच पाड्यातील. आश्रमशाळेतून महाविद्यालयात गेलेली पावरा मुलगी आपल्या बोलीत काकूला जे सांगू शकेल ते दहा पथनाट्यांना जमणार नाही.

असे घडू शकते याचा दाखला शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. तो शहाद्यात आहे. १९७१-७२च्या काळात शहादा-तळोदा भागात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल समाज जमिनीसाठी, मजुरीसाठी आणि माणूस म्हणून वागविले जावे यासाठी उभा राहिला. सर्वोदयी कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते. पुण्या-मुंबईहून शिकलेले तरुणही आले आणि त्यांतून श्रमिक संघटना उभी राहिली. त्या तरुणांच्या डाव्या विचारसरणीशी ज्यांचे कधीच पटले नाही आणि पटणार नाही, त्यांनीही एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करावी. ते लोक येऊन भाषण करून परत गेले नाहीत, तिथे राहिले. आणि त्या आंदोलनातील सर्वांत तेजस्वी अध्याय कोणा नेत्याने लिहिलेला नाही. मजुरीचा लढा चालू असताना भिल्ल स्त्रियांच्याच लक्षात आले की वाढलेली मजुरी दारूच्या गुत्त्यात जाते आणि रात्री पाठीवर वळ घेऊन परत येते. १९७२-७३मध्ये त्या जमावाने गावोगावचे गुत्ते गाठू लागल्या, दारूची मडकी फोडू लागल्या, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारू लागल्या. देशातील स्त्री-चळवळीचा इतिहास लिहिणारे अभ्यासक आजही शहाद्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जात नाहीत. नंदुरबारच्या महाविद्यालयांतील किती विद्यार्थ्यांना हा इतिहास शिकविला जातो?

त्याहीपूर्वीची परंपरा आहे. १९२२-२३मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची चळवळ दक्षिण गुजरातेतून खानदेशाच्या वनभागापर्यंत पोहोचली होती. 'दारू सोडा, रोज स्नान करा, स्वच्छ राहा' अशी आज्ञा देवीच्या मुखातून येत असे आणि पाड्यांमागून पाडे ती पाळत. त्यानंतर १९३०च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवडचे गुलाम महाराज हे भिल्ल समाजातील संतपुरुष पुढे आले. व्यसने सोडा, एकमेकांना 'आप' म्हणून आदराने संबोधा, अशी त्यांची साधी शिकवण होती. १९३८मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या अनुयायांची संख्या प्रचंड होती आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे नेले. ज्याला उभ्या आयुष्यात सावकाराने आणि शिपायाने 'अरे-तुरे'च केले, त्याने शेजाऱ्याला 'आप' म्हणायचे! एका शब्दाने केलेली ही सामाजिक क्रांती होती. विद्यार्थ्यांनी पाड्यावर जाऊन विचारावे की, महाराजांचा 'आप' घरातल्या लक्ष्मीलाही लागू आहे ना? हा प्रश्न कोणालाही परका वाटणार नाही, कारण तो त्यांच्याच संताच्या शब्दांत विचारलेला असेल.

आता वेळेविषयी. शिबिरे हिवाळ्यात होतात, कारण विद्यापीठाचे वेळापत्रक तसे असते. पण दिवाळीनंतर नंदुरबारच्या कित्येक पाड्यांना कुलुपे लागलेली असतात. माणसे दक्षिण गुजरातेत, बार्डोली-सुरतेकडच्या उसाच्या फडात गेलेली असतात. 'खानदेशी' मजुरांच्या या वार्षिक स्थलांतराचा अभ्यास यान ब्रेमन या डच विद्वानाने अनेक दशके केला. त्या व्यवहारात मजूर एकेकटा मोजला जात नाही. 'कोयता' हे मोजमाप असते. एका कोयत्यात नवरा आणि बायको दोघे येतात. पुरुष ऊस तोडतो, बाई मोळ्या बांधून डोक्यावर वाहते. उचल मात्र घेतो पुरुष, आणि मुकादमाच्या वहीत नाव असते तेही त्याचेच. अर्ध्या कोयत्याचे काम करणारी बाई हिशेबात कुठेच नसते. ज्या स्त्रीसाठी समतेची फेरी काढायची, ती अशा वेळी गावात नसून फडावर असते आणि फेरीचे स्वागत करायला उरतात म्हातारी माणसे व लहान मुले. शिबिराचे दिवस उन्हाळ्यात, स्थलांतरित परतल्यावर ठेवता येणार नाहीत काय? विद्यापीठाने मनावर घेतले तर ही काही मोठी अडचण नव्हे. २०१८पासून या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. ज्या माउलीला लिहिता येत नव्हते, जिच्या ओव्या मुलाने टिपून ठेवल्या नसत्या तर नाहीशा झाल्या असत्या, तिचे नाव आज पदवीच्या प्रत्येक कागदावर असते. नाव टिपून ठेवणारे कोणीतरी असावे लागते, हे या विद्यापीठाइतके दुसऱ्या कोणाला कळावे?

या नावाच्या प्रश्नाचे सर्वांत कठीण रूप जमिनीत दिसते. पंचायतीतील अर्ध्या जागा महाराष्ट्राने २०११पासून स्त्रियांना दिल्या. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे आईचे नाव लावणे राज्याने बंधनकारक केले. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी मिळाला तो याच जिल्ह्यातील, शहादा तालुक्यातील टेंभलीच्या रंजना सोनवणे यांना. तरीही जनजाती समाजातील मुलीला बापाच्या जमिनीत वाटा आहे काय, या प्रश्नाचे सरळ उत्तर आजही मिळत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. योगायोग असा की ही दुरुस्ती अमलात आली तो दिवसही ९ सप्टेंबरच होता, शिरीषकुमारचा स्मृतिदिन. परंतु १९५६च्या मूळ कायद्यातील कलम २(२) तसेच राहिले. केंद्राने अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होणार नाही, असे ते कलम सांगते. म्हणजे नंदुरबार शहरातील व्यापाऱ्याच्या मुलीला जो हक्क आहे तो धडगावच्या पावरा मुलीला त्या कायद्याने नाही. दोघी एकाच वर्गात शिकतात, एकाच फेरीत 'मुलगा-मुलगी एकसमान' म्हणून घोषणा देतात आणि घरी परततात तेव्हा कायद्यापुढे त्या दोघी समान नसतात.

न्यायालयापुढे हा प्रश्न अनेकदा आला. १९९६मध्ये मधु किश्वर यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने जनजातींच्या रूढी सरसकट रद्द करण्याचे टाळले. ९ डिसेंबर २०२२च्या कमला नेती प्रकरणात त्याच न्यायालयाने, इतर समाजातील मुलीला जो वाटा मिळतो तो जनजातीच्या मुलीला नाकारण्याचे कारण काय, असे विचारले आणि केंद्र सरकारने कायद्यातील या अपवादाचा विचार करावा असे सुचविले. १७ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. स्त्रीला वगळणारी रूढी आहे असे सिद्ध झाले नसेल, तर तिला समान वाटा मिळालाच पाहिजे, असा तो निर्णय आहे. समान नागरी कायद्याचा आग्रह धरणाऱ्यांनीही इथे थोडे थांबून विचार करावा. जानेवारी २०२५मध्ये उत्तराखंडात तो कायदा लागू झाला खरा, पण अनुसूचित जमाती त्यातूनही वगळलेल्या आहेत. म्हणजे ज्या बहिणीला कायद्याच्या आधाराची सर्वाधिक गरज, तीच प्रत्येक कायद्याच्या दाराबाहेर उभी.

या वगळण्यामागे केवळ उदासीनता आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. समाजातील जाणत्या माणसांच्या मनात एक भीती आहे आणि ती निराधार नाही. मुलगी समाजाबाहेर लग्न करून गेली तर तिच्यामागून जमीनही जाईल, ही ती भीती. ज्या समाजाच्या जमिनी सावकारांनी कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन गिळल्या, ज्यांना त्या परत मिळवून देण्यासाठी १९७४ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, त्यांनी जमिनीच्या बाबतीत संशयी असू नये अशी अपेक्षा कोणी करायची? म्हणून मुलीच्या वाट्याचा प्रश्न मुंबई-दिल्लीहून हुकूम सोडून सुटणार नाही. त्यावर समाजातच बोलणे व्हावे लागेल, जाणत्यांपुढे, ग्रामसभेत. जमिनीचे हस्तांतरण जनजातीबाहेर होऊ नये यासाठी महसूल कायद्यात तरतूद आहेच. ती अधिक कडक करून मुलीचा वाटा मान्य करता येईल, हा विचार तिथे मांडता येईल.

मात्र बायकोच्या नावाला ही अडचण नाही. ती घरातच आहे. तिच्या नावाने जमीन समाजाबाहेर जात नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने तर यात पळवाटच ठेवलेली नाही. विवाहित दावेदाराला मिळणारा वनपट्टा पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावाने असला पाहिजे आणि तो विकता येत नाही, वारसाहक्काने मात्र पुढे जातो. अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके म्हणजे वनपट्ट्यांचाच प्रदेश. तिथल्या प्रत्येक पट्ट्यावर दोन नावे आहेत का? त्यातील बाईला आपले नाव तिथे आहे हे ठाऊक आहे का? खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसनोंद करताना विधवेचे नाव लागले का, की भाऊबंदांनी परस्पर फेरफार करून घेतला? डाकीण ठरविण्याच्या कटाला जी जमीन कारणीभूत ठरते तिची कागदपत्रे आधीच स्वच्छ असली, तर त्या बाईभोवतीचे एक तरी कुंपण मजबूत होईल.

नाशिक जिल्ह्यात चांदवड येथे नोव्हेंबर १९८६मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले आणि पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा, शंभर घरांनी तसे केले की ते गाव लक्ष्मीमुक्तीचे गाव. सरकारनेही १९९२मध्ये पत्नीचे नाव सहखातेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली. ही योजना आजही कागदावर जिवंत आहे. तिच्यासाठी मोर्चा लागत नाही, न्यायालय लागत नाही, नवऱ्याशी भांडणही लागत नाही. नवऱ्याचा एक अर्ज आणि त्यामागे त्याची इच्छा एवढे पुरते. ती इच्छा जागविणे हेच तर प्रबोधन.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करावे लागते. शंभर स्वयंसेवकांच्या एका तुकडीचे हे बारा हजार तास होतात. त्यातले काही तास प्रभातफेरीला द्यावेत, बाकीचे एका गावाच्या नोंदींना द्यावेत. सातबारा आज महाभूलेखच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. ज्या हातात दिवसभर भ्रमणध्वनी असतो त्याच हाताने घरोघरी जाऊन त्या घरच्या बाईला तिच्या शेताचा उतारा वाचून दाखवावा, तिच्याच बोलीत. नाव असेल तर ते कुठे आहे तेथे तिचे बोट ठेवावे. नसेल तर अर्जाचा कागद तिच्या नवऱ्यापुढे ठेवावा आणि त्याच्याशी बोलावे. मुलांनी नवऱ्याशी बोलावे, मुलींनी बाईशी. आणि या कामाची सुरुवात स्वयंसेवकाने स्वतःच्या घरापासून करावी. आपल्या आईचे नाव सातबाऱ्यावर आहे की नाही हे शिबिराला निघण्यापूर्वी पाहून यावे. जो मुलगा वडिलांपुढे हा विषय काढू शकत नाही, त्याला परक्या गावातील बापाला शपथ देण्याचा अधिकार कसा पोहोचतो?

महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचा नियम आहे. वनहक्काच्या ग्रामसभेत उपस्थितांपैकी किमान एकतृतीयांश स्त्रिया असल्याखेरीज गणपूर्ती होत नाही. हे नियम बहुतेक गावांत सह्यांच्या वहीपुरते पाळले जातात. हिवाळी शिबिर संपते आणि थोड्याच दिवसांत २६ जानेवारीची ग्रामसभा येते. स्थलांतरित परततात तेव्हा १ मेची येते. शिबिरात तयार झालेली यादी, म्हणजे कोणत्या घरात दोघांची नावे आहेत, कुठे विधवेची नोंद राहिली, कोणता पट्टा एकाच नावाने निघाला, ती गावातील विद्यार्थिनीने त्या सभेत उभे राहून वाचावी. ग्रामसेवकाने ती कार्यवृत्तात घ्यावी आणि आज ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्या तलाठ्यांकडे तिची प्रत जावी. महाविद्यालयाच्या अहवालात फेरीचे छायाचित्र दरवर्षी असतेच. त्याच्या शेजारी एक रकाना वाढवावा: या वर्षी किती उताऱ्यांवर दुसरे नाव लागले.